भाद्रपद ते भाद्रपद : रस्त्यावरच्या पिल्लाचं पहिलं वर्ष

संक्रांतीच्या आसपास साताऱ्याच्या पेठांतून किंवा सांगलीच्या विश्रामबागेतून चक्कर मारली, तर मुलांच्या हातात हमखास कुत्र्याची पिल्लं दिसतात. कुणी पिल्लू दप्तरात घालून घरी आणतं, कुणी आईला न विचारता जिन्याखाली खोक्यात ठेवतं. दोन दिवस रुसवेफुगवे होतात आणि पिल्लू घरचं होऊन जातं. मग आषाढ येतो. पिल्लू गुडघ्याएवढं झालेलं असतं. एखाद्या संध्याकाळी त्याला गाडीवर घालून एमआयडीसीच्या रस्त्याला किंवा महामार्गावरच्या ढाब्यापाशी सोडून दिलं जातं. ज्या घराने जानेवारीत त्याला वाटीने दूध पाजलं, तेच घर जुलैत त्याला सोडून येतं. सहा महिन्यांत असं काय बिनसतं?

याचं उत्तर पिल्लाच्या शरीरात आहे. पहिल्या वर्षात त्याच्या दातांत, मेंदूत आणि रक्तात ठरल्या वेळी ठरलेले बदल होतात. ते माहीत असले, तर कोणत्या महिन्यात काय करायचं ते आधीच कळतं. माहीत नसले, तर ‘कुत्रं बिघडलं’ असं वाटतं आणि गाडी हमरस्त्याकडे वळते. म्हणून रस्त्यावरचं पिल्लू दत्तक घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक घराने हे वर्ष आधी समजून घ्यावं.

पिल्लं थंडीतच का दिसतात?

पाळीव जातिवंत कुत्री वर्षात कधीही माजावर येते. गल्लीतल्या कुत्र्यांचा मात्र हंगाम असतो, आणि तो आपल्या वाडवडिलांना चांगला ठाऊक होता. पावसाळा सरत आला की, म्हणजे भाद्रपदाच्या सुमारास, बहुतेक माद्या माजावर येतात. जयपूरमध्ये नसबंदीसाठी आणलेल्या माद्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींतही असाच हंगाम दिसला. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. भाद्रपदात दोन महिने मिळवले की कार्तिक संपता संपता किंवा मार्गशीर्षात कुत्री विते. गटाराच्या पाइपात, बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाआड, बंद दुकानाच्या पायरीखाली चार-सहा पिल्लं डोळे मिटून पडलेली असतात.

त्यांतली किती जगतात? कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सात महिन्यांपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत, त्यांतली जेमतेम १९ टक्के पिल्लं जगली. मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक माणसांमुळे झाले होते : गाडीखाली येऊन, मारहाणीत, विषाने किंवा पिल्लं उचलून नेल्याने. उचलून नेणाऱ्यांत प्रेमाने नेणारेही होतेच. प्रेमाने नेलेलं पिल्लू जगवायचं, तर पहिला प्रश्न वयाचा.

पौष : आठ आठवडे पुरे होऊ द्या

डोळे नुकतेच उघडलेलं, लडखडत चालणारं पिल्लू सगळ्यात गोड दिसतं. नेमकं तेच बहुतेक वेळा उचललं जातं. ते असतं तीन-चार आठवड्यांचं आणि अजून आईच्या दुधावर. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश बराच जास्त असतो. नुसत्या गाईच्या दुधावर एवढं लहान पिल्लू पोसलं जात नाही, उलट त्याला हगवण लागते. आई मेली असेल तर पर्याय नाही. अशा वेळी पशुवैद्याला विचारून पिल्लांसाठीची दूध पावडर आणावी. आई जिवंत असेल तर आठ आठवडे थांबावं. तोवर आईलाच रोज पोटभर खायला घालावं. पिल्लांची त्याहून चांगली सेवा नाही.

आठ आठवड्यांचं दुसरं कारण भावंडं. पिल्लं दिवसभर एकमेकांना चावत खेळतात. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती जोराने लावायचा, हे पिल्लू याच खेळातून शिकतं. भावंडांतून लवकर काढलेलं पिल्लू हा धडा अर्धवट सोडून येतं आणि मग घरातल्या मुलांच्या हातांवर ओरखडे उमटू लागतात.

पण फार उशीर करूनही चालत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूत ‘आपलं कोण’ आणि ‘भीती कशाची’ याची नोंद होत असते. या काळात जे वारंवार आणि न दुखावता समोर येतं, ते आयुष्यभर ओळखीचं होतं. १९६१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही पिल्लं उंच कुंपणाच्या शेतात, माणसाचा हातही न लागू देता वाढवली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती पिल्लं नंतर माणसाजवळ रानटी जनावरासारखी बिथरत राहिली.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतले मेंढपाळ हे पुस्तकाशिवाय जाणतात. कळपात मेंढरांच्या अंगाला अंग लावून वाढलेलं पिल्लू मोठेपणी मेंढरांनाच आपलं मानतं आणि रात्री तळावर त्यांची राखण करतं.

मार्गशीर्षात जन्मलेलं पिल्लू संक्रांतीच्या पुढेमागे आठ आठवड्यांचं होतं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम चार आठवडे उरतात. या चार आठवड्यांत त्याला कुकरची शिट्टी, रिक्षाचा आवाज, आजोबांची काठी, हेल्मेट घातलेला माणूस, गाय, लहान मूल हे सगळं लांबून, हळूहळू दाखवावं. ते घाबरलं तर ओढून पुढे नेऊ नये. दोन पावलं मागे घ्यावं, काहीतरी खायला द्यावं आणि त्याला आपणहून बघू द्यावं. इथे दिलेली रोजची पंधरा मिनिटं पुढची बारा वर्षं कामी येतात.

लस एकदाच का पुरत नाही?

‘एक इंजेक्शन दिलंय की,’ असं सांगणाऱ्या घरातलं पिल्लूही पार्व्हो या आजाराने जातं, तेव्हा लशीवरचाच विश्वास उडतो. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पिल्लू पहिल्या दुधातून आईची रोगप्रतिकारक द्रव्यं घेतं. ही आईने बांधून दिलेली शिदोरी. ती रोज थोडी थोडी सरते. मात्र ती शिल्लक असेपर्यंत बाहेरून दिलेल्या लशीलाही निष्प्रभ करते, त्यामुळे पिल्लाचं शरीर स्वतःची द्रव्यं बनवायला शिकत नाही. शिदोरी कोणाची सहाव्या आठवड्यात संपते, कोणाची बाराव्या, कोणाची त्याहून उशिरा, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत जायचं. त्यांतली एक तरी मात्रा योग्य वेळी लागू पडते. रेबीजची लस साधारण तीन महिने पुरे झाले की, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी, बहुधा दरवर्षी.

पार्व्होचा विषाणू आतड्याचं अस्तरच सोलून काढतो. उलट्या, रक्ताची हगवण आणि दोन दिवसांत पिल्लू गळून जातं. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. अंगणात एक पिल्लू पार्व्होने गेलं असेल, तर त्याच जागी लगेच दुसरं बिनलशीचं पिल्लू आणू नये.

घरी आणलेल्या पिल्लाची पहिली तपासणी तुम्हीही करू शकता. त्याचा ओठ अलगद वर करा. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबली की ती पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. मुळातच फिकट असेल तर जंत किंवा गोचीड रक्त पीत असण्याची शक्यता मोठी. मग मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती झटकन बसली पाहिजे. उंचवट्यासारखी उभी राहिली तर अंगात पाणी कमी आहे. अंग हडकुळं आणि पोट तेवढं टम्म असेल, तर ते बहुधा जंतांचं पोट. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या पिल्लालाही जंताचं औषध लागतं. त्या जंतांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जातात, तेव्हा हा घरातल्या माणसांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

दूध-भाकरी, बेदाणे आणि मांजर

कुत्र्याला दूध-भाकरी चालते का? थोडी चालते, आणि त्याला हजारो वर्षांचा इतिहास आहे. माणसाच्या उष्ट्यावर राहता राहता कुत्र्याच्या शरीरात पिठूळ अन्न पचवायची ताकद आली. स्टार्च पचवणाऱ्या विकराचं जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त प्रतींत असतं, हे २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. पण वाढत्या पिल्लाला नुसती भाकरी पुरत नाही. अंडं, शिजवलेलं मांस किंवा पिल्लांसाठीचं तयार खाद्य यांची जोड हवीच.

मांजराची गोष्ट वेगळी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळतं. वर्षानुवर्षं दूध-भातावर ठेवलेल्या मांजराची दृष्टी जाऊ शकते आणि हृदय कमकुवत होतं. घरात मांस येऊ द्यायचं नसेल आणि मांजराचं तयार खाद्यही आणायचं नसेल, तर मांजर पाळू नये. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार दुबळी असते.

सांगली-तासगावकडच्या घरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. त्यांतलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं अलीकडचं संशोधन सांगतं. चिंचेतही तेच आम्ल असतं. बेदाण्याच्या शेडवर राखणीला ठेवलेलं कुत्रं सांडलेले बेदाणे खात असेल, तर ते रोज विषाशी खेळतं आहे. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि चॉकलेट हृदयावर परिणाम करतं.

फाल्गुन ते वैशाख : चपलांचा हंगाम

चौथ्या महिन्यात पिल्लाचे २८ दुधाचे दात पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, चावल्याने आराम पडतो. हे काही सूड उगवणं नाही. चपला कपाटात ठेवाव्यात आणि चावायला घट्ट दोरीची गाठ, रबरी खेळणं किंवा गार गाजर द्यावं. कामावरून आल्यावर फाटक्या चपलेसमोर नेऊन मारलं, तर पिल्लू तासाभरापूर्वीच्या कृत्याशी त्या माराचा संबंध जोडू शकत नाही. ‘माणूस दारातून आत आला की मार बसतो’ एवढंच ते शिकतं.

आषाढ : वयात येण्याचे दिवस

आणि आता तो आठवा महिना. ‘बस’ म्हटल्यावर बसणारं पिल्लू ऐकेनासं होतं, दाराबाहेर पळतं, परक्यावर भुंकतं. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी नेमका हाच काळ तपासला. पाच महिन्यांचं असताना ऐकणारं कुत्रं आठ महिन्यांचं झाल्यावर घरच्या माणसाचं ऐकत नाही, परक्याचं मात्र ऐकतं. वर्षाचं झालं की ते बहुतेक पूर्वपदावर येतं. माणसांची मुलं वाढवलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

कुत्रं सोडून द्यायची वेळ बहुधा इथेच येते. जे घर आषाढ-श्रावणाचे हे दोन महिने धीराने काढतं, त्याला पुढची कितीतरी वर्षं शांत, समजूतदार सोबती मिळतो. या काळात व्यायाम वाढवावा, शिकवणं थोडकं पण रोज ठेवावं आणि साखळी टाळावी. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याची साठलेली ताकद भुंकण्यातून आणि चावण्यातून बाहेर पडते. कुत्रं कायम साखळीला बांधून त्याला पुरेसं फिरवलं नाही, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो मालकाचा गुन्हा आहे.

पुन्हा भाद्रपद : नसबंदी आणि रेबीज

मादी पिल्लू असेल, तर येत्या भाद्रपदात ती स्वतः माजावर येऊ शकते. पहिला माज सहा ते बारा महिन्यांत येतो. त्याआधी शस्त्रक्रिया केली, तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. त्या पिल्लांना घरं कोण देणार, हा प्रश्न मात्र खरा आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी केंद्र सरकारचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि त्याच गल्लीत परत सोडायचं. कानाच्या टोकाला खाच दिसली, तर त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे असं समजावं. ‘परत का सोडता?’ असं लोक चिडून विचारतात. कुत्री नेली तरी उकिरडा आणि हॉटेलमागचं अन्न तिथेच राहतं, आणि त्यावर नवी, बिनलशीची कुत्री येतात. लस घेतलेली, पिल्लं न होणारी कुत्री तिथे राहिली, तर संख्याही आटोक्यात राहते आणि रेबीजही. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असा आदेश दिला. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवायला सांगितलं. ऑगस्टच्या आदेशात दत्तक घेणाऱ्यांसाठीही एक वाक्य आहे : दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही घेणाऱ्याची जबाबदारी.

रेबीजबाबत घरातल्या प्रत्येकाला एवढं पाठ हवं. विषाणू जखमेतून शिरून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. तो मेंदूत पोहोचायच्या आत लशीने प्रतिकारशक्ती तयार झाली, तर माणूस वाचतो. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते विरघळवतो. म्हणून चावा किंवा ओरखडा बसला की वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावं आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. पिल्लू छोटं आहे म्हणून दुर्लक्ष तर मुळीच करू नये.

मोठं कुत्रं घरी आणलं तर

पिल्लाऐवजी मोठं, सोडून दिलेलं किंवा जखमी कुत्रं घरी आणणं हे फार चांगलं काम आहे. त्याचा स्वभाव आणि आकार समोर दिसतो, दातांचा काळ संपलेला असतो. पण सुरुवातीचे दिवस फसवे असतात. निवाऱ्यात आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात पहिले तीन दिवस ताणाचं द्रव्य बरंच चढलेलं आढळलं आहे. अशा वेळी ते कोपऱ्यात बसतं, खात नाही, शेपूट पोटाशी घेतं. पाहुण्यांना बोलावून त्याला दाखवू नये. जुन्या लुगड्याची घडी, पाण्याचं भांडं आणि शांतता, एवढं द्यावं. तीन दिवस सावरायला, तीन आठवडे घरची रीत कळायला आणि तीन महिने ‘हे माझं घर’ असं वाटायला, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे.

बारा-पंधरा वर्षांची तरतूद

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाघापासून वाचवला, अशी कथा सांगतात. साताऱ्यात इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात, महाराजांनी कुत्र्याला जहागीर आणि पालखी दिल्याचं नोंदवलं आहे. मला यातली जहागीर महत्त्वाची वाटते. प्रेमाबरोबर कायमच्या खर्चाची सोयही झाली.

आपल्या घरातली तरतूद साधी असते : रोजचं खाणं, वर्षाची लस, जंत आणि गोचिडांची औषधं, अचानक आलेलं आजारपण आणि म्हातारपण. गावाला गेल्यावर कुत्र्याला कोण सांभाळणार, हेही आधी ठरलेलं हवं. सांगलीकरांना २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर विसरता येणार नाही. पूररेषेतल्या घराने जनावर कुठे आणि कशातून न्यायचं ते पावसाळ्याआधी ठरवावं. काहीच जमलं नाही, तर निदान दावं आणि साखळी सोडून द्यावी. बांधलेलं जनावर पोहूही शकत नाही.

पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा जागी सोडून देणं हाही १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. पहिल्या वेळेचा दंड मात्र आजही जास्तीत जास्त पन्नास रुपये. तो कायदा कुणाला अडवणार नाही, तेव्हा अडवायचं आपण आपल्यालाच. सांगलीतून २००३ पासून काम करणारी ‘ॲनिमल राहत’ ही संस्था ऊसगाड्या ओढून थकलेल्या बैलांना म्हातारपणी आसरा देते. काम संपलं तरी जबाबदारी संपत नाही, हीच समज दत्तक घेणाऱ्या घरातही हवी.

---

चौकट : पिल्लू आणण्यापूर्वी

• घरातल्या सगळ्यांची, आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाची, संमती आहे ना?
• पिल्लू आठ आठवड्यांचं झालं आहे ना? आई असेल तर तिच्या नसबंदीचीही सोय पाहा.
• पहिल्या आठवड्यात पशुवैद्याकडे न्या. लशीचं कार्ड जपून ठेवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.
• नगरपालिका किंवा महापालिकेत नोंदणीचे नियम विचारा. गळ्यात पट्टा आणि त्यावर फोन नंबर हवा.
• सहाव्या महिन्याच्या सुमारास नसबंदीची तारीख ठरवा.
• चपलांचे महिने आणि आषाढाचे महिने येणारच आहेत. घरात ते आधी सांगून ठेवा.
• रानातला पोपट किंवा उसात सापडलेला बिबट्याचा बछडा दत्तक घेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे. बछड्याला हात न लावता वनविभागाला कळवा.
• यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘बघू नंतर’ असेल, तर यंदा पिल्लू आणू नका. गल्लीतल्या कुत्रीच्या नसबंदीला आणि लशीला हातभार लावा. तीही तेवढीच मोठी मदत आहे.